मॉम झोपलीय

मार्ना हेस्टरलीला तिच्या घरच्यांनी नेवाडाच्या वाळवंटातल्या एका पेट्रोल पंपावर विसरून पुढची वाट धरली, तेव्हा तिच्या पायात घरात घालायच्या सपाता होत्या. फोन गाडीत, पर्स गाडीत, चष्मासुद्धा गाडीत. आधी तिला हसूच आलं. आत्ता वळतील आणि येतील, असं समजून ती पंपाच्या पत्र्याखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रस्ता इतका सरळ होता, की गाडी बराच वेळ दिसत होती. आधी खोक्याएवढी, मग काडेपेटीएवढी. मग ती दिसेनाशी झाली आणि वळली मात्र नाही.

आता गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे. चोवीस फुटी आरव्ही. पुढे दोन खुर्च्या, मधे ओटा, फ्रीज आणि टेबलाशी मुलांची बाकं, संडास, आणि सगळ्यात मागे सरकत्या दाराआड एक पलंग. गेले अकरा महिने हेस्टरलींचं घर ते हेच. ओहायोतलं खरं घर भाड्याने दिलं होतं. एल्डनचा कागदाचा कारखाना गेल्या उन्हाळ्यात बंद पडला. एकोणीस वर्षांची नोकरी शुक्रवारी संपली आणि पुढच्या आठवड्यात त्याने ही जुनी गाडी दारात आणून उभी केली. "एक वर्ष," तो म्हणाला. "मुलं लहान आहेत तोवर देश बघून घेऊ." एल्डनच्या पायाला भिंगरी वगैरे कधीच नव्हती. सुट्टीतसुद्धा हा माणूस अंगण सोडायचा नाही. म्हणून मार्नाला वाटलं, बिचाऱ्याने जन्मात एकच हौस बोलून दाखवली आहे, होऊ दे.

ते वर्ष संपत आलं होतं. भाडेकऱ्यांनी विचारलं होतं, अजून एक वर्ष राहू का, शुक्रवारपर्यंत कळवा. आज गुरुवार होता. सहा वर्षांची जूनी महिन्याभराने पहिलीत बसायची, म्हणजे कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी शाळेत. मार्नाला घरी जायचं होतं. तिच्या मनात यापेक्षा गहन काही नव्हतं. काल जेवणं झाल्यावर तिने ते तोंडाने म्हटलंसुद्धा, "एल्डन, मला परत जायचंय." त्यावर एल्डनने मिठाची गुळणी धरली. चार ताटल्या त्याने चाळीस असल्यासारख्या घासल्या आणि पुढच्या खुर्चीत जाऊन बसला. ती मागे पडून छताकडे बघत राहिली. चोवीस फुटांच्या गाडीत दोन माणसं एकमेकांपासून किती लांब जाऊ शकतात, हे घरात राहणाऱ्यांना समजायचं नाही.

ती मागे कशी राहिली, ते असं झालं.

आरव्हीवाल्यांची निघायची एक रीत असते. एकाने बाहेरून फेरी मारायची. पायरी आत घेतली का, पाण्याची नळी काढली का, खालचे कप्पे लावले का, ते बघायचं. दुसऱ्याने आत. ओट्यावरची कपाटं, फ्रीजची कडी, मुलांचे पट्टे. आतलं सगळं झालं की आतल्या माणसाने भिंतीवर दोनदा ठोकायचं, मग बाहेरच्याने चढून गाडी सुरू करायची. हेस्टरलींच्यात बाहेरचं एल्डनकडे, आतलं मार्नाकडे. माणसं मोजणं हेही आतलंच काम. अकरा महिन्यांत तिने ती रोज मोजली होती.

आज पहाटेपासून अकरापर्यंत गाडी तिने चालवली. मग एल्डन बसला आणि ती मागे जाऊन, दार ओढून आडवी झाली. पंपावर गाडी थांबल्याने तिला जाग आली. एल्डन पलीकडच्या बाजूला पेट्रोल भरत होता. जूनीच्या कानांवर हेडफोन होते, चार वर्षांचा वॉल्ट बुटाचा पट्टा चावत बसला होता. मार्नाने आपल्यामागे पलंगापुढचं सरकतं दार सवयीने ओढून घेतलं आणि ती खाली उतरली. दुकानामागच्या संडासात जाऊन आली, आणि परत येताना तिथल्या कुंपणाशी एक पालथी बादली दिसली म्हणून तिच्यावर बसली. पाच मिनिटं. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला कुणी ढकललं नव्हतं, कुणाची क्रेयॉन मोडली नव्हती. समोर मैलोन् मैल करडी झुडपं आणि त्यामागे तांबडे डोंगर. तिने आणखी पाच मिनिटं बसून घेतलं.

गाडीत तोवर काय झालं, ते तिला नंतर कळलं. एल्डन फेरी मारून आला, मागचं दार बंद बघून समजला की बाईसाहेब अजून झोपलेल्या आहेत किंवा रागावलेल्या आहेत. आत जाऊन त्याने मुलांचे पट्टे आवळले, पायरी आत घेतली आणि सवयीने हाक दिली, "झालं का?" वॉल्टने हातातला बूट भिंतीवर दोनदा हाणला. आई असंच करते हे त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं, की ते करायला मिळालं म्हणून तो खूश झाला. आणि गाडी निघाली.

मार्नाने इंजिनाचा आवाज ऐकला. तिला वाटलं, गाडी पंपावरून बाजूला घेतोय.

दुकान ऑपल नावाच्या बाईचं होतं. सत्तरीची, हाडकुळी, डोक्यावर पुरुषाची टोपी. गेली तीस वर्षं ती या रस्त्यावर एकटी हा पंप आणि दुकान चालवत होती. मार्ना आत आली तेव्हा ती पंख्यासमोर बसून पत्ते मांडत होती.

"तुमच्याकडे फोन आहे का?" मार्नाने विचारलं. "माझी माणसं पुढे गेलीत."

ऑपलने तिच्या सपातांकडे पाहिलं. "विसरले?"

"चुकून."

"विसरतात ते चुकूनच, पोरी. मुद्दाम करतात त्याला दुसरं काही म्हणतात." तिने गल्ल्यामागच्या भिंतीवरचा फोन दाखवला. "मोबाइल इथे चालत नाही. हा चालतो, मनात आलं तर."

मार्नाने रिसीव्हर कानाला लावला आणि तिचं बोट आकड्यांवर अडलं. एल्डनचा नंबर तिला पाठ नव्हता. बारा वर्षांचा संसार, पण फोनात 'एल्डन' असं दाबलं की तो लागायचा, नंबर कोण बघतंय? पाठ होता तो फक्त स्वतःचा. तोच तिने फिरवला. पलीकडून तिचाच आवाज आला, चांगला तरतरीत, दीड वर्षापूर्वीचा. "हाय, मी मार्ना. आत्ता मी फोन घेऊ शकत नाही. निरोप ठेवा, मी नक्की उलट फोन करीन." तिने निरोप ठेवला, "मी पंपावर आहे. परत या." काय बोलावं ते न सुचून पुढे "मार्ना" असं नावही सांगितलं.

"रेंज नाही," ऑपल म्हणाली. "नव्वद मैल काही नाही. पुढे गाव लागलं की लागेल." आणि पत्ता लावत, "शेरीफला कळवू का? पण त्याचा माणूस यायला दोन तास घेईल. आणि नवरा विसरला म्हणून शेरीफने यायचं म्हटलं, तर त्याला दुसरं काही करायला वेळ उरायचा नाही."

"नको," मार्ना म्हणाली. तिला लाज वाटत होती. तो विसरला याची नव्हे, आपण विसरण्यासारख्या झालो याची.

"येतील," ऑपलने थंड सोड्याची बाटली तिच्यापुढे ठेवली. "कुत्रं विसरलेले पहिल्याच वळणावरून येतात. बायको विसरलेल्यांना जरा वेळ लागतो. कुत्रं खिडकीतून डोकं काढून बसलेलं असतं ना, नसलं की दिसतं."

मार्ना हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. ऑपलने ते पाहिलं नाही किंवा पाहून पत्त्यांत मान घातली. तिचे उपकार झाले.

बारा वाजले, साडेबारा वाजले. मार्ना दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन बसली. सावली आखूड होत होती तशी ती भिंतीला सरकत गेली. एक ट्रक आला, ट्रकवाल्याने सिगारेटी घेतल्या आणि गेला. प्रत्येक वेळी लांबवर काचेचा लखलखाट दिसला की ती उठून उभी राहायची. डोळ्यांना चष्मा नाही, त्यामुळे कुठलीही गाडी जवळ येईपर्यंत आपलीच वाटायची.

तिला मुलांची काळजी नव्हती. एल्डन त्यांना जेवू घालेल, पट्टे लावेल. तो वाईट बाप नव्हता, वाईट नवराही नव्हता. उलट हाच विचार तिला सगळ्यात जास्त टोचत होता. ती मनातल्या मनात गाडीबरोबर जात होती. आता खडीचा घाट लागला असेल, आता वॉल्टने पाणी सांडलं असेल. आता कुणी म्हणालं असेल, मॉम कुठंय? आणि कुणी म्हणत नव्हतं. मैलामागून मैल चालले होते आणि तिच्यावाचून तिथे काहीच अडत नव्हतं. समोर पसरलेलं हे ओसाड तिला अजिबात नवं वाटेना. अकरा महिने तिघांच्या गुडघ्यांना गुडघे लावून ती अशाच ओसाडात बसली होती, इथे फक्त पाय पसरायला जागा होती.

दीड वाजता तिने पुन्हा नंबर फिरवला. या वेळी घंटी वाजली. सहा वेळा वाजली आणि कुणीतरी उचलला.

"हॅलो," अगदी दबका आवाज आला.

"जूनी? जूनी, राणी, मी मॉम."

पलीकडे खरखर. मग जूनी कुजबुजली, "मॉम झोपलीय. नंतर करा."

"अगं, मीच मॉम आहे. ऐक. फोन डॅडला दे."

"डॅड गाडी चालवतोय. चालवताना फोन घ्यायचा नसतो."

"मग त्याला सांग, मॉम गाडीत नाहीये. मागचं दार उघडून बघ, पिल्ला."

"नाही," जूनी म्हणाली. तिला राग आला होता, पण रागावतही ती हळू आवाजातच होती. "दार उघडायचं नाही. ती दमलीय. डॅडने सांगितलंय, आज तिला कुणी त्रास द्यायचा नाही. आम्ही कधीपासून गप्प बसलोय. वॉल्टपण." मग जरा थांबून, "आणि तुम्ही खोटं बोलताय. अनोळखी नंबरवरून कुणी काहीही म्हटलं तरी खरं मानायचं नाही, असं मॉमनेच सांगितलंय."

फोन बंद झाला. मार्नाने लगेच पुन्हा लावला, तर पुन्हा तिचाच तरतरीत आवाज.

"काय म्हणाली?" ऑपलने विचारलं.

"म्हणाली, मॉम झोपलीय."

ऑपलने पत्ते गोळा केले. "मुलगी शहाणी आहे," ती म्हणाली. "चांगली वाढवलीस."

मार्नाने बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकलं आणि मनसोक्त रडून घेतलं. अकरा महिने ती या पोरांना ओरडत होती, पाच मिनिटं गप्प बसा, देवासाठी. आज पोरं गप्प बसली होती, दोन तास, तिच्यासाठी, आणि ती तिथे नव्हती.

रडून झाल्यावर डोकं जरा चालायला लागलं. ती आत आली आणि ऑपलला म्हणाली, "इथून पुढच्या गावाहून पूर्वेकडे बस जाते का?"

"आठवड्यातून तीनदा. उद्या सकाळी आहे." ऑपलने टोपी मागे सरकवली. "एकटीसाठी?"

"तिघांसाठी."

हे तोंडातून निघालं तेव्हा मार्नाला समजलं, की तिचं ठरलं आहे. एल्डनला ती आणखी एकदाच सांगेल. परत त्याने तोंड शिवून ताटल्या घासल्या, तर उद्या मुलांना घेऊन बसने ओहायोला जायचं, बहिणीच्या तळघरात राहायचं, आणि त्याने पाहिजे तिकडे गाडी हाकावी. तिचं त्याच्यावरचं प्रेम संपलं नव्हतं. पण ज्या माणसाशी बोलताच येत नाही त्याच्या शेजारी झोपून ती थकली होती.

पावणेतीनला भिंतीवरचा फोन वाजला. ऑपलने उचलला. "हो, आहे. जिवंत आहे. माझा चौथा सोडा पितेय. देते."

"मार्ना," एल्डनला धाप लागली होती. "मार्ना, तू... मला वाटलं, तू मागे आहेस. मी... तुझ्या फोनात हा नंबर दिसला. आलोच. तिथून हलू नकोस."

"हलून जाऊ कुठे?"

"नाही, हो. आलोच." त्याला आणखी काही म्हणायचं होतं असं वाटलं. पण मागे वॉल्टने भोकाड पसरलं आणि फोन तुटला.

सव्वापाचला गाडी आली. इतक्या वेगात पंपावर शिरली, की आतली कपाटं उघडून भांडी पडल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. वॉल्ट पायरीची वाट न बघता तिच्या अंगावर उडी मारून आला. जूनी मात्र दारातच उभी राहिली.

"एका बाईचा फोन आला होता," ती म्हणाली. "ती म्हणाली, मी मॉम आहे. मी तिच्यावर ओरडले."

"बरोबर केलंस," मार्नाने तिला जवळ ओढलं. "अगदी बरोबर केलंस."

मग पोरांनी सगळं एका दमात ओकून टाकलं. डॅडने गावाच्या बागेत गाडी थांबवली. चीज सँडविच केलं, थोडं करपलं. मॉमची ताटली दाराशी ठेवली. मॉमने घेतली नाही. मग डॅड दाराशी खाली बसला. "तो दाराशी बोलत होता," वॉल्ट म्हणाला. "खूप वेळ. दार काही बोललंच नाही."

"रडलापण," जूनी म्हणाली. "आम्हाला म्हणाला, बाहेर जाऊन झोके खेळा. पण मी खिडकीतून बघितलं. आणि मग त्याने दार उघडलं."

एल्डन गाडीशेजारी उभा होता. चेहरा पांढराफटक, शर्टावर करपलेल्या चीजचा डाग. तो जवळ आला, तिच्या खांद्याला हात लावला आणि ती खरंच तिथे आहे ना, हे बघावं तसा तो हात तिथेच ठेवला. "तू रागावलीयस असं वाटलं," तो म्हणाला. "म्हणून दार ठोकलंसुद्धा नाही."

"दाराशी काय बोललास?"

त्याने नजर वळवली. "असंच काहीतरी."

"एल्डन. इतका वेळ माणूस असंच काहीतरी बोलत नाही."

"समोर नाही बोलता येत, मार्ना. दाराशी बोललो ते आता परत जमायचं नाही." तो पेट्रोलच्या नळीकडे गेला, टाकी अर्धी भरलेली असताना. त्याची पाठ दिसली आणि मार्नाला कालच्या ताटल्या आठवल्या. बसचं तिच्या ओठांवर आलं होतं.

ऑपलने दुकानाच्या दारातून मुलांना हाक मारली. तिच्याकडे बर्फाच्या कांड्या होत्या, लाल आणि निळ्या, आणि कोणती कुणाची यावर भांडायला भरपूर जागा होती. दोघं धावली. मार्ना क्षणभर उभी राहिली, मग गाडीत चढली. पडलेल्या ताटल्या ओलांडून ती मागे गेली, पलंगावर बसली आणि दार ओढून घेतलं.

आत अंधारलं होतं आणि खूप उकडत होतं. थोड्या वेळाने पायरीवर पावलं वाजली. ताटल्या उचलल्याचा आवाज आला. मग पावलं दारापर्यंत आली.

"मार्ना?"

ती बोलली नाही.

"निघायचं ना?" आणि मग, कितीतरी वेळाने, "झोपलीस?"

तिने श्वासही हळू केला. दाराला पाठ टेकून तो खाली बसल्याचं तिला कळलं, दार जरा आत दबलं.

"घरी गेल्यावर सकाळी उठून मी कुठे जायचं, ते मला समजत नाही," एल्डन म्हणाला. त्याचा हा आवाज तिने बारा वर्षांत ऐकला नव्हता. "इथे निदान उठलं की गाडी हाकायची असते. तिथे सगळे विचारतील, आता काय करतोस? आणि मी दारात उभा. म्हणून मनात होतं, अजून एक वर्ष. मला काही देश बघायचा नव्हता. मला एक डोंगर दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येत नाही."

बाहेर मुलं कशावरून तरी खिदळत होती. तो थांबला. मार्नाला वाटलं, संपलं. तिचा हात दाराच्या खाचेपर्यंत गेला आणि थांबला.

"काल रात्री तू म्हणालीस, त्यानंतर मी भाडेकऱ्यांना कळवलं," तो म्हणाला. "महिन्याअखेर घर सोडा म्हणून. लगेच कळवलं, तू झोपायच्या आत. मग तुला सांगायला दोनदा आलो. दार उघडंच होतं आणि तू जागी होतीस, तर मला बोलताच आलं नाही."

मार्नाने तोंडावर हात दाबून धरला. तिने ओ दिली असती तर तो उठून उभा राहिला असता, शर्ट झटकला असता आणि म्हणाला असता, चल, निघू या. त्याला अजून बोलायचं होतं. म्हणून ती दाराच्या अलीकडे तशीच बसून राहिली, झोपल्यासारखी, आणि पलीकडे एल्डन कारखान्याच्या शेवटच्या दिवसाविषयी सांगू लागला.